सायकलीचा चातुर्मास

क्रिकेटवाल्यांना ऑफ-सीझन असतो, हापूसवाल्यांना असतो, महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांना तर असतोच असतो. पण हौशी सायकलवाल्यालाही ऑफ-सीझन असतो असं म्हटलं की लोक फिस्सकन हसतात. "म्हणजे काय, तुझी आयपीएल आहे का?" हे मला ऑफिसच्या कँटीनमध्ये किमान चार जणांनी ऐकवलंय. हसणाऱ्यांचं काही चूक नाही म्हणा. आठवड्याचे पाच दिवस मी पगाराच्या स्लिपा बनवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधले बग काढतो आणि उरलेल्या वेळात जाड टायरची सायकल घेऊन दगडधोंड्यांतून फिरतो. बक्षीस म्हणून आजवर एक मेडल (सगळ्यांनाच देतात ते) आणि एक टी-शर्ट मिळालाय. तो टी-शर्ट सध्या चेन पुसायला आहे.

तरीही ऑफ-सीझन असतो. पुण्यात माउंटन बायकिंगचा हंगाम म्हणजे ढोबळमानाने दसरा ते होळी. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघून ऊन तापायच्या आत घर गाठायचं. आणि जून लागला, दोन-चार दणदणीत सरी झाल्या, की दुकान बंद. कांदेनवमीला जसे लोक चातुर्मासाआधी शेवटची कांदाभजी खाऊन घेतात, तशी आम्ही पावसाच्या तोंडावर शेवटची एक डोंगरातली राइड मारून घेतो. मग थेट दसऱ्यापर्यंत डोंगराचा उपास.

का? पाऊस आवडत नाही म्हणून? छे! उलट डोंगर सगळ्यात देखणा तेव्हाच असतो. अडचण मातीची आहे. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि गोंदासारखी चिकटते. आधी टायरच्या खाचा भरतात, मग टायर आणि फ्रेमच्या मधली फट भरते आणि मग चाक फिरायचंच थांबतं. एरवी तेरा किलो भरणारी सायकल खांद्यावर घ्यावी लागते, तेव्हा ती वीस किलोची झालेली असते. मुरमाच्या वाटा त्यातल्या त्यात बऱ्या, दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की पाणी निथळून जातं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ओल्या पायवाटेवरून सायकल गेली की टायरची चर पडते. पुढच्या सरीचं पाणी त्या चरीतून वाहतं, चर खोल होते, आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेची घळ होते. वेताळ टेकडी काय किंवा इतर टेकड्या काय, तिथे पहिला हक्क पायी फिरणाऱ्यांचा. रोज सकाळी काठी टेकत चढणाऱ्या आजोबांच्या वाटेची आपण हौसेपायी वाट लावायची, हे काही बरोबर नाही. म्हणून चार महिने टेकडीवर सायकल बंद. हा नियम कोणी कागदावर लिहून दिलेला नाही, पण आमच्या ग्रुपमध्ये पाळतात.

आणि खरं सांगायचं तर मराठी माणसाला ऑफ-सीझन समजावून सांगायची गरजच पडू नये. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात घरी परतायच्या. नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या, आणि शिपाई म्हणजे अर्धा शेतकरीच, त्यामुळे तो नांगराकडे वळायचा. दसऱ्याला शस्त्रांची पूजा करायची, सीमोल्लंघन करायचं आणि मोहिमेवर निघायचं. आम्ही फक्त तलवारीच्या जागी सायकल ठेवलीये. दसऱ्याला तिच्या हँडलला झेंडूची माळ घालतो आणि निघतो. फरक एवढाच की आम्ही अटकेपार वगैरे न जाता पौडच्या पुढे कुठेतरी मिसळ खाऊन परत येतो. :-)

तर या चार महिन्यांत करायचं काय? पहिलं काम म्हणजे हळू जाणं. वाटतं तितकं सोपं नाही हो ते. हंगामात मी चढावर जीव तोडून पेडल मारतो आणि नाडी १८०च्या आसपास जाते. ऑफ-सीझनमध्ये याच्या बरोब्बर उलटं. २२० वजा वय असा जो ढोबळ हिशोब असतो, त्यानुसार माझ्या २९ वयाला कमाल नाडी येते १९१. त्याच्या साठ ते सत्तर टक्के, म्हणजे साधारण ११५ ते १३४ या पट्ट्यात तास-दीड तास राहायचं. यालाच झोन टू म्हणतात. नाडी मोजायचं घड्याळ नसेल तरी बिघडत नाही. पेडल मारताना नीट बोलता आलं पाहिजे, धाप लागता कामा नये. मी २९चा पाढा म्हणतो. (वय २९, चाकं २९ इंची, म्हणून पाढाही तोच.) दोनशे एकसष्टपर्यंत न धापता पोचलो की वेग बरोबर.

या संथपणाचं शास्त्र असं की, कमी जोरात जास्त वेळ चाललं की स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. बाहेरून मात्र काहीही दिसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हे रिफॅक्टरिंग आहे. क्लायंटला दाखवायला नवीन स्क्रीन नाही, डेमो नाही, टाळ्या नाहीत. पण ते केलं नाही तर पुढच्या रिलीजला कोड अंगावर येतो, हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

हळू जाण्याचा त्रास शरीराला नसतो, अहंकाराला असतो. मुळात जाड टायर डांबरावर घुर्र घुर्र आवाज करत चिकटून चालतात. त्यात मी १२५च्या नाडीवर. मागून रोडबाइकवाले सुळ्ळकन जातात. एकदा दुधाचे कॅन लावलेल्या एका साध्या सायकलीने मला मागे टाकलं आणि ते काका जाता जाता कळवळ्याने म्हणाले, "गाडी बिघडली का हो?"

माझा नेहमीचा रस्ता म्हणजे बावधनहून सूस, नांदे, चांदे, माण करत हिंजवडी फेज थ्री. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस असतं, त्यातले दोन दिवस मी सायकलने जातो. या रस्त्याला निसर्ग वगैरे म्हणायचं तर जरा धाडस लागेल. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला 'फक्त शेवटचे काही फ्लॅट शिल्लक'चे फलक, आणि मधून काँक्रीटचे मिक्सर आणि पाण्याचे टँकर. मिक्सर मागून आला की मी रस्ता सोडून खाली उतरतो. तिथे बाणेदारपणा दाखवायचा नसतो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू, अंगात पोपटी जाकीट, आणि पावसात ब्रेक उशिरा लागतात हे धरून अंतर ठेवायचं. बायकोला पोचल्यावर मेसेज टाकायचा. हे सगळं शर्यतीच्या कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये नसतं, पण तरुण माणसाने पुण्यात सायकल चालवायची तर ट्रेनिंग खरं याचंच.

शनिवारी मात्र मुळशीच्या बाजूला. जुलैमध्ये भातलावणी चालू असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका आणि त्यांच्या पाठीवर इरल्याच्या जागी आता प्लॅस्टिकची खोळ. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो आणि ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. पौड सोडलं की दर पाच किलोमीटरला पाऊस जाडा होत गेलेला चक्क अंगावर कळतो. गाडीतून जाताना वायपरचा स्पीड वाढवला एवढंच कळतं. सायकलवर आधी वास बदलतो, मग हवा गार होते आणि मग सर येते. रस्त्यावर खेकडे असतात, त्यांना चुकवायचं. सप्टेंबरात उतारावर सोनकी फुलते आणि अख्खा माळ पिवळा होतो. हंगामात याच रस्त्याने मी डोंगर गाठायच्या घाईत गेलेलो असतो, आणि मला आठवतात ते फक्त खड्डे.

टपरीवर थांबलं की ठरलेले प्रश्न. "एवढ्या पावसात सायकल? गाडी नाही का?" आणि मग, "कितीला पडली?" या प्रश्नाचं खरं उत्तर कुठल्याही सायकलवाल्याने आजवर दिलेलं नाही. टपरीवर नाही आणि घरी तर नाहीच.

दुसरं काम म्हणजे निगा. माउंटन बायकिंगचा जन्मच मुळी निगेच्या कटकटीतून झालाय असं म्हटलं तरी चालेल. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या, जडशीळ सायकली घेऊन डोंगरावरून खाली शर्यत लावायची. त्यांत जो ब्रीझ, गॅरी फिशर ही पुढे नावाजलेली मंडळी होती. मागच्या चाकाचा ब्रेक उतारावर एवढा तापायचा की हबमधलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा, आणि घरी गेल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. पुढे वीस वर्षांत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. पण सुरुवात झाली ती ग्रीसने माखलेल्या हातांनी.

माझेही हात पावसाळाभर तसेच असतात. चेनवर चिखल आणि तेल एकत्र आलं की त्याचं वाटण होतं आणि ते चेनसकट दात्यांनाही खात सुटतं. म्हणून प्रत्येक पावसाळी राइडनंतर पाणी मारायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करायचं आणि पावसाळी तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीला. महिन्यातून एकदा फूटपट्टी लावायची. नव्या चेनचे चोवीस सांधे बरोब्बर बारा इंचांत बसतात. तेच बारा इंच आणि वर एक सोळांश भरले की चेन बदलायची, नाहीतर मागचे महागडे दाते जातात. ब्रेकचे रेझिन पॅड चिखलात साबणासारखे झिजतात, म्हणून पावसापुरते मेटलचे लावायचे. टायरमधला पंक्चरचा चीकही काही महिन्यांत वाळतो, तो बघायचा. बाभळीच्या मुलखात ते विसरून चालत नाही.

हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमधल्या नळावर चालतं. वॉचमनमामा खुर्ची ओढून बघत बसतात. बायको वरून बाल्कनीतून म्हणते, "त्या सायकलीला रोज अभ्यंगस्नान. घरातला एक्झॉस्ट फॅन दिवाळीपासून वाट बघतोय." यावर उत्तर नसतं.

आता खरं सांगायचं ते सांगतो. इतकी वर्षं ऑफ-सीझन म्हणजे पुढच्या सीझनची तयारी एवढंच माझ्या डोक्यात होतं. या वर्षी गंमत अशी झालीये की सीझनच नाहीये. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शर्यत आहे आणि पहिल्या आठवड्यात आमच्याकडे बाळ यायचंय. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं बदलतात, त्यामुळे आमचा साडेआठचा रात्रीचा कॉल साडेनऊला जातो. अकराला लॅपटॉप बंद करणारा माणूस पहाटे पाचला डोंगरात नसतो. त्यात तान्हं बाळ. गणित सुटायचं नाही हे मला जूनमध्येच दिसत होतं.

तरीही जुलैत फॉर्म भरायची लिंक आली तेव्हा पोटात खड्डा पडला. शर्यत हुकल्याचं दुःख फार नव्हतं. एवीतेवी माझा नंबर मधेच कुठेतरी यायचा. भीती वेगळी होती. आमच्या ग्रुपमधले तीन जण बाप झाल्यावर "दोन महिन्यांनी येतो रे" म्हणून गेले, ते अजून परत आलेले नाहीत. आमच्या पार्किंगमध्ये अकरा सायकली आहेत. बहुतेक सगळ्या २०२०-२१च्या लॉकडाउनमध्ये घेतलेल्या, जेव्हा सायकलींना दुकानात वेटिंग होतं. आज त्यांतल्या नऊ टायर बसलेल्या अवस्थेत धूळ खातायत. प्रत्येकीचा मालक भला माणूस आहे, आळशी कोणीच नाही. कोणाची बदली झाली, कोणाची शिफ्ट बदलली, कोणाचं पाठीचं दुखणं. मी पाणी मारताना त्या रांगेकडे बघायचो आणि वाटायचं, दहावी आपलीच.

मी बाबांकडे गेलो होतो तेव्हा हे बोलून दाखवलं. बाबा १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षं पेठेतून पिंपरीला कारखान्यात सायकलने जायचे. जाऊन-येऊन तीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, तिन्ही शिफ्टा, अंगावर रेक्झिनचा रेनकोट आणि कॅरियरला डबा. आठवड्याला एकशे ऐंशी किलोमीटर! मी हंगामातल्या माझ्या सगळ्यात भारी आठवड्यात एकशे चाळीस केलेत, आणि ते चार ठिकाणी शेअर केलेत. मी त्यांना ऑफ-सीझन, झोन टू वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे धाप लागू न देता, रोज, पोचेपर्यंत चालवायची. एवढंच ना?"

एवढंच. बाबा अकरा वर्षं झोन टूमध्येच होते की! त्यांना कधी सीझन आलाच नाही. ना शर्यत, ना मेडल, ना दसऱ्याची मोहीम. "कंटाळा नाही यायचा?" मी विचारलं. "यायचा ना. पण घरी आल्यावर शिफ्टचं डोकं राहायचं नाही. तेवढ्या तासाभरात उतरून जायचं," असं म्हणून ते पेपरात डोकं घालून बसले.

आणि दोन दिवसांनी बायकोनेही जवळपास तेच सांगितलं. मी मोठ्या त्यागाच्या आवाजात "या वर्षी फॉर्म भरत नाहीये" असं जाहीर केलं. मला वाटलं, जरा तरी हळहळेल. ती म्हणाली, "शर्यतीचं मला काही नाही रे. रविवारचे पाच तास विसर, ते जमणार नाही. पण सकाळी तासभर जाऊन येतोस ना, ते बंद करू नकोस. त्या दिवशी तू माणसात असतोस." मग थोडं थांबून, "आणि बाळ झाल्यावर मलाही तासभर लागेल. मी चालायला जाईन. एक दिवस तू, एक दिवस मी." झालं! माझ्या पुढच्या वर्षाचा ट्रेनिंग प्लॅन दोन वाक्यांत तयार. पैशापरी पैसे घेऊन कोच असा प्लॅन देत नाही.

तेव्हापासून या पावसाळ्याकडे बघायची नजर थोडी बदललीये. सीझन म्हणजे पुरणपोळी. वर्षातून दोनदा, तूप घालून, कौतुकाने. ऑफ-सीझन म्हणजे रोजची पोळीभाजी. माणूस जगतो ते पोळीभाजीवर, पण फोटो पुरणपोळीचे काढतो. ज्यांची सायकल फक्त शर्यतीसाठी, मोठ्या राइडसाठी होती, त्यांची शर्यत सुटली की सायकलही सुटली. ज्यांची ऑफिसला जाताना, पोळ्यांचं पीठ आणताना, तासभर उगाच फिरताना चालत होती, त्यांची चालू राहिली. पार्किंगमधली चालती दुसरी सायकल दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची आहे. पुढे बास्केट लावलेली, गिअर नसलेली. भाजी आणि नातीचा क्लास. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, तुमचा सीझन कधी म्हणून.

सगळं काही छान छान आहे असं मात्र नाही. डिसेंबरात ग्रुपवर फोटो येतील, लाल मातीने माखलेले चेहरे, कोणाची कोपरं फुटलेली, आणि त्या वेळी माझ्या खांद्यावर दुपटं असेल. तेव्हा जळफळाट होणार हे मला आत्ताच माहितीये. डोंगर उतरताना पोटात जो गोळा येतो आणि खाली पोचल्यावर उगाच हसू फुटतं, त्याला नांदे-चांदे रस्त्यावर पर्याय नाही. तो परत हवाच आहे. फक्त तो मिळेपर्यंतचा काळ आता मला वेटिंग रूमसारखा वाटत नाही.

या दसऱ्याला सायकलीला झेंडूची माळ घालणार आहेच. सीमोल्लंघन सूसच्या खिंडीपर्यंत, तासाभरात परत.

असो. बराच वेळ झाला, बाहेर उघडीप दिसतेय आणि चेनला तेल घालायचंय. एक्झॉस्ट फॅनचंही बघायचंय. तुमच्याही पार्किंगमध्ये एखादी असेल, टायर बसलेली. तिला डोंगरावर न्यायचा संकल्प वगैरे सोडू नका. आज नुसती हवा भरा आणि कोपऱ्यावरून दूध आणा. बाकीचं दसऱ्यानंतर बघू.